तरुण बॅटरचा बहर टिकेल का: फटक्याचा वेग पाहावा की सोडलेला चेंडू?

बेसबॉलच्या दर मोसमात मे-जूनच्या सुमारास विशी-पंचविशीतला एखादा बॅटर अचानक तळपू लागतो आणि फँटसी लीग (खऱ्या खेळाडूंच्या आकड्यांवर आपापले कल्पित संघ चालवण्याचा खेळ) खेळणाऱ्यांपुढे तोच प्रश्न उभा राहतो: याला पुढच्या वर्षासाठी राखून ठेवावे, की भाव चढलेला असतानाच सौद्यात देऊन टाकावे? न्यू जर्सीतल्या आमच्या लीगमध्ये बहुतेक मंडळी मराठी आहेत आणि त्यांच्यात यावरून सरळ दोन पक्ष पडलेले आहेत. एक पक्ष फटक्याचा वेग, म्हणजे एक्झिट व्हेलॉसिटी, प्रमाण मानतो. दुसरा पक्ष बॅटर स्ट्राइक झोनबाहेरचे, म्हणजे बॅटरसमोरच्या ठरावीक काल्पनिक चौकटीबाहेरचे, किती चेंडू सोडतो, यावर भरवसा ठेवतो. त्यासाठी तो चेस रेट (अशा चेंडूंपैकी कितींवर बॅट फिरवली) आणि वॉक (असे चार चेंडू सोडल्यावर फुकट मिळणारा पहिला बेस) पाहतो. मी दोन्ही कसोट्या अनेक मोसम वापरल्या आहेत. ज्याला यंदा निर्णय घ्यायचा आहे, त्याच्या उपयोगी पडावे म्हणून माझे मत मांडतो.

नुसती बॅटिंग सरासरी, म्हणजे बॅटरच्या प्रयत्नांपैकी कितींत हिट (बेस मिळवून देणारा फटका) निघाला हे प्रमाण, येथे मी विचारातच घेत नाही. यासिएल पुईगने जून २०१३ मध्ये ४४ हिट काढून ०.४३६ ची सरासरी राखली होती आणि मोसमाअखेर ती ०.३१९ वर आली. तीही उत्तमच होती, पण जूनच्या आकड्यावरून हा शेवट कोणालाही सांगता आला नसता. बॅटला लागून मैदानात गेलेल्या चेंडूंपैकी किती हिट ठरतात, या प्रमाणावर विश्वास ठेवण्याआधी काही शे चेंडू हाताशी असावे लागतात आणि बहराच्या पहिल्या महिन्यात तेवढे चेंडू मिळतच नाहीत.

वेगाच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. २०१५ पासून मेजर लीग या सर्वोच्च बेसबॉल लीगच्या सर्व मैदानांवर स्टॅटकास्ट ही फटक्याचा वेग मोजणारी यंत्रणा आली आणि क्षेत्ररक्षकाने सूर मारून पकडलेला कडक फटकाही बॅटरच्या खात्यात जमा होऊ लागला. ताशी ९५ मैल किंवा त्याहून वेगाने गेलेला फटका ‘हार्ड हिट’ धरतात, हे सर्वांना ठाऊक आहे. हा आकडा थोड्या दिवसांतच स्थिरावतो, त्यात नशिबाचा वाटा कमी असतो आणि ज्याच्या बॅटमधून ताशी ११० मैलांचा फटका निघाला, त्याच्या मनगटात ती ताकद खरोखरच आहे, याबद्दल शंका उरत नाही. घाईत निर्णय घ्यायचा असेल, तर या कसोटीला तोड नाही, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

तरीही एक गोष्ट मला सतत खटकत राहिली आणि अखेर तिनेच माझा कौल ठरवला. जो चेंडू बॅटला लागलाच नाही, त्याची या आकड्यात नोंदच होत नाही. एखाद्या बॅटरने बॅटिंगला येण्याच्या चार खेपांपैकी तीनदा बाहेर पडणाऱ्या स्लायडरवर (शेवटी बाजूला वळणाऱ्या चेंडूवर) बॅट फिरवून हवा कापली आणि चौथ्या खेपेला मधोमध आलेला फास्टबॉल ताशी १०८ मैलांनी भिरकावला, तर त्या दिवसाचा त्याचा सरासरी वेग १०८ दिसतो. त्याच दिवशी दुसऱ्या कोणी चारही वेळा चेंडूला बॅट लावली आणि त्यातले दोन फटके साधारण निघाले, तर तो मात्र यादीत खाली घसरतो. बॅटरचे दुखणे नेमके जेथे असते, तेथेच हे माप मुके होते. ओनील क्रूझने ऑगस्ट २०२२ मध्ये ताशी १२२.४ मैलांचा फटका मारला, तो स्टॅटकास्टच्या नोंदींत तोवरचा सर्वांत वेगवान होता. त्याच मोसमात त्याने ८७ सामन्यांत १२६ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक, म्हणजे हुकलेले किंवा झोनमधले सोडलेले चेंडू, होऊन बाद होणे) पत्करले आणि त्याची सरासरी ०.२३३ राहिली.

याहून बोलके उदाहरण अ‍ॅरिस्टिडीस अकिनोचे आहे. सिनसिनाटी रेड्सच्या या खेळाडूने उभे राहण्याची ढब बदलली, छाती जवळजवळ पिचरसमोर (चेंडू टाकणाऱ्यासमोर) येईल इतका तो मोकळा उभा राहू लागला आणि ऑगस्ट २०१९ या एका महिन्यात त्याने १४ होम रन (थेट मैदानाबाहेर जाणारे फटके) ठोकले, जो मेजर लीगच्या दोन शाखांपैकी नॅशनल लीगमधील नवोदितांचा विक्रम ठरला. त्यांपैकी एकाचा वेग ताशी ११८ मैलांच्या वर होता. वेगाच्या कसोटीवर तो अस्सल सोनेच होता आणि त्याची ताकद खोटी नव्हतीच. पण सप्टेंबरात त्याची सरासरी ०.२०० च्या खाली गेली, पुढच्या वर्षी ती ०.१७० झाली आणि २०२१ मध्ये तर त्याच्या दर तीन खेपांमागे एकाहून अधिक स्ट्राइकआउट होते.

आता दुसरी बाजू पाहू. अटलांटा ब्रेव्ह्जचा जेफ फ्रँकूर २००५ च्या जुलैत एकविसाव्या वर्षी आला आणि ७० सामन्यांत १४ होम रन व ०.३०० ची सरासरी घेऊन गेला. त्याच मोसमात त्याचे वॉक होते ११ आणि स्ट्राइकआउट ५८. पुढच्या वर्षी त्याने २९ होम रन मारले खरे, पण सरासरी ०.२६० वर आणि बेसवर पोहोचण्याचे प्रमाण ०.२९३ वर आले. याउलट वॉशिंग्टनचा हुआन सोटो २०१८ मध्ये एकोणिसाव्या वर्षी आला आणि ११६ सामन्यांत २२ होम रनसोबत त्याने ७९ वॉक मिळवले. त्याचा बहर अजून ओसरलेला नाही. दोघांच्या पहिल्या मोसमातले होम रन पाहून जे कळत नव्हते, ते वॉकच्या रकान्यात सरळ लिहिलेले होते.

हे आकडे मैदानावर कसे दिसतात, हे मी ब्रिजवॉटरच्या मैदानावर पाहत आलो आहे. तेथे सॉमरसेट पेट्रियट्स हा यांकीजचा डबल-ए संघ (मेजर लीगच्या दोन पायऱ्या खालचा) खेळतो. पहिल्या बेसच्या बाजूला पुढच्या रांगेत बसले, की दोन स्ट्राइक झाल्यानंतर येणाऱ्या स्लायडरवर उजव्या हाताच्या बॅटरचे काय होते, हे स्पष्ट दिसते. कच्च्या बॅटरचा पुढचा खांदा आधीच उघडतो, कंबर फिरून जाते आणि मग बॅट नाइलाजाने चेंडूमागे जाते. पक्का बॅटर पाऊल तसेच पुढे टाकतो, पण त्याचे हात मागे खांद्याशीच थांबलेले असतात आणि चेंडू कॅचरच्या हातमोज्यात जाईपर्यंत तो त्याच्याकडे पाहत राहतो. ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू सोडणारा सलामीवीर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना यात वेगळे काही शिकवावे लागत नाही. शिवाय ट्रिपल-ए या मेजर लीगच्या लगेच खालच्या पायरीच्याही खालच्या बहुतेक मैदानांवरचे वेगाचे आकडे आपल्यापर्यंत पोहोचत नाहीत. वॉक आणि स्ट्राइकआउट मात्र कोणत्याही धावफलकात मिळतात.

अर्थात ही कसोटीही निर्दोष नाही. सिअ‍ॅटलच्या डस्टिन अ‍ॅक्लीची नजर सर्वांनी वाखाणली होती आणि २०११ चा त्याचा पहिला मोसम ०.२७३ सरासरीचा व आशादायक होता. पुढच्या वर्षी तो ०.२२६ वर आला. फटक्यात फार दम नसला, तर पिचर निर्धास्तपणे झोनमध्ये चेंडू टाकतात आणि वॉक मिळेनासे होतात. उलट ट्रेव्हर स्टोरीने २०१६ मध्ये पहिल्या सहा सामन्यांत सात होम रन मारले आणि ९७ सामन्यांत १३० स्ट्राइकआउटही घेतले. मी त्याला नक्की विकून टाकले असते, आणि त्याने २०१८ मध्ये ३७ होम रन मारले. त्यामुळे वेग पाहूच नये, असे माझे म्हणणे नाही. ज्याच्या फटक्यात दम आहे की नाही हेच ठाऊक नाही, त्याच्यासाठी वेग आधी पाहावा. पण बहरात आलेल्या बॅटरच्या बाबतीत तो प्रश्न बहुधा सुटलेलाच असतो आणि खरा प्रश्न उरतो तो पिचरांनी त्याला ओळखल्यानंतर काय होईल, हा.

स्ट्राइकआउटचे प्रमाण साधारण ६० खेपांनंतर आणि वॉकचे १२० खेपांनंतर विश्वासार्ह होऊ लागते, असे बेसबॉलच्या आकड्यांचे अभ्यासक रसेल कार्लटन यांच्या अभ्यासातून पुढे आले आहे. म्हणजे नियमित खेळणाऱ्यासाठी महिनाभर थांबले तरी पुरते. मी स्वतः त्याच प्रतिस्पर्ध्याविरुद्धची दुसरी मालिका होईपर्यंत सौदा करत नाही, कारण तोवर त्या संघाने त्याच्या दुबळ्या जागा हेरलेल्या असतात. त्या मालिकेत होम रन आला नाही तरी चालेल. दोन स्ट्राइकनंतर बाहेरचा स्लायडर तो सोडत असेल, तर मी त्याला राखून ठेवतो.