लायसन्स न लागणारी रायफल, स्कोप फुकट : माझे ३८ हजार असे गेले

स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ घेतलं आणि माझ्या मोबाईलवर रायफलींच्या जाहिराती सुरू झाल्या. मला नेमबाजी शिकायची इच्छा जुनीच. भांडुपहून वरळीची रेंज म्हणजे लांबचा पल्ला, पण रविवारी जमण्यासारखा. बजेट वीस-बावीस हजार. अशा माणसासाठीच ही जाहिरात लिहिलेली होती: ‘बोल्ट ॲक्शन पीसीपी, १२०० एफपीएस, ३-९x४० स्कोप, पंप आणि छर्रे फ्री, लायसन्सची गरज नाही, २१,५०० फक्त.’ (पीसीपी म्हणजे टाकीत दाबून भरलेल्या हवेवर चालणारी एअर रायफल, एफपीएस म्हणजे छर्रा सेकंदाला किती फूट जातो तो वेग.)

फोनवरचा माणूस स्वच्छ मराठी बोलायचा. दुकान पुण्यात असल्याचं सांगितलं. पहिल्या दिवशी ‘सर’, दुसऱ्या दिवसापासून ‘दादा’. ‘दादा, रजिस्टरला नोंद करावी लागते, आधार आणि पॅनचा फोटो टाका.’ हे ऐकून उलट माझा विश्वास बसला, कारण एअरगन विकणारे खरे दुकानदारही ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा मागतात. ही मंडळी खऱ्या धंद्याची रीत पाठ करून बसलेली असतात. आणि ही कागदपत्रं त्यांना कशासाठी हवी होती, ते पुढे येईलच.

५,००० आगाऊ दिले. ‘माल पॅक झाला’ म्हणून खोक्याचा फोटो आला, तेव्हा उरलेले १६,५०० दिले. मग सुरू झालं ई-वे बिल, म्हणजे माल वाहून नेण्याचा जीएसटीचा कागद, आणि विमा: ४,८००, डिलिव्हरीच्या वेळी परत मिळणार. ई-वे बिल पोर्टलवर काढायला सरकार एक पैसाही घेत नाही, आणि एकवीस हजारांच्या मालाला ते लागतही नाही. पण हे माहीत असणारा माणूस ट्रान्सपोर्टमधला, नाहीतर अकाउंटंट.

इथवर सगळं रोजचंच. असे पैसे मोबाईल मागवणाऱ्याचेही जातात, फ्रिज मागवणाऱ्याचेही. हे लिहायला बसलो ते यापुढच्या भागासाठी.

पार्सल यायच्या दिवशी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल आला. खाकी वर्दी, मागे भिंतीवर बोधचिन्ह, टेबलावर झेंडा. स्वतःला क्राइम ब्रँचचा म्हणवणारा माणूस हिंदीत म्हणाला की भिवंडीच्या गोदामात माझं पार्सल पकडलंय आणि आत एअरगन नाही, पॉइंट टू-टू, म्हणजे काडतुसाची रायफल निघाली आहे. ‘हथियार मंगवाया है आपने. आधार आपका, पॅन आपका, पेमेंट आपका.’ पाठोपाठ पीडीएफ नोटीस, वर माझ्याच आधारवरचा फोटो चिकटवलेला. कॅमेरा बंद करायचा नाही, घरात कोणाला सांगायचं नाही, ‘व्हेरिफिकेशन’साठी ७५,००० भरायचे, चौकशी संपली की परत. बायको स्वयंपाकघरात होती आणि मी बेडरूमचं दार लावून त्या माणसाला ‘सर, सर’ करत होतो. १२,००० गेले. बाकीचे गेले नाहीत, कारण यूपीआयची त्या दिवसाची मर्यादा संपली होती.

रायफल हे नुसतं आमिष. त्यांचा खरा माल म्हणजे भीती. फ्रिजवाल्याला पोलिसांची भीती घालता येत नाही, तो उलट स्वतःच पोलिसांत जातो. हत्यार मागवणाऱ्याच्या मनात मात्र आधीपासून एक शंका असते, की हे कायद्यात बसतंय ना? तेवढी फट त्यांना पुरते. म्हणून कायदा काय आहे ते नीट वाचून ठेवा.

शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ०.१७७ इंचाची, म्हणजे साडेचार मिलिमीटर नळीची आणि २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेची एअर रायफल घ्यायला परवाना लागत नाही. नळी त्याहून मोठी किंवा ऊर्जा जास्त असेल तर लागतो. काडतुसाची पॉइंट टू-टू हे अग्निशस्त्र आहे. कुसाळेच्या प्रकारात तीच वापरतात. ती घरी ठेवायची तर परवाना हवाच, आणि मुंबईत तो पोलीस आयुक्तालयातून मिळतो. कुठलाही दुकानदार तुम्हाला ती ‘कागदाशिवाय’ देऊ शकत नाही, आणि देतो म्हणाला तर तिथूनच माघारी फिरा.

आता त्या जाहिरातीतला १२०० चा आकडा घ्या. साधा छर्रा अर्ध्या ग्रॅमच्या आसपास असतो, ०.५३ ग्रॅम धरू. १२०० फूट म्हणजे सेकंदाला ३६६ मीटर. अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, हे दहावीच्या आसपास सगळ्यांनी केलेलं गणित. उत्तर येतं ३५ ज्यूलच्या वर. म्हणजे एक तर वेग खोटा, नाहीतर ‘लायसन्स नको’ हे खोटं. २० ज्यूलच्या आत राहायचं तर हाच छर्रा सेकंदाला २७५ मीटरच्या, साधारण ९०० फुटांच्या आतच हवा. १२०० एफपीएस आणि परवाना नको, हे दोन्ही एकाच जाहिरातीत दिसलं की पुढे वाचू नका.

हे गणित मला रेंजवरच्या एका जुन्या कोचने पाठकोऱ्या टार्गेटवर करून दाखवलं. मग त्यांनी जाहिरातीतला फोटो मागितला आणि बोटाने मोठा केला. बोल्टचा दांडा डाव्या बाजूला होता. ‘डावखुऱ्यांची रायफल घेतलीत की काय?’ म्हणाले. अजून मोठा केला तर स्कोपच्या रिंगवरचे आकडे उलटे, आरशात दिसावेत तसे. कोणाचा तरी फोटो उचलून उलटा केलेला, म्हणजे इमेज सर्चमध्ये मूळ फोटो सहज सापडत नाही. बाजूला ठेवलेला ‘फ्री पंप’ सायकलचा होता. पीसीपीच्या टाकीत हवा भरायची ती २०० बारच्या आसपास, गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन असते. सायकलच्या पंपाने ती टाकी भरायला बसलात तर पंपच आधी राम म्हणेल.

स्कोपवर तर ते मनापासून हसले. ऑलिम्पिकच्या १० मीटर एअर रायफलला किंवा ५० मीटरला दुर्बीण चालतच नाही, तिथे डोळा बारीक छिद्राच्या साइटला लावायचा असतो. १० मीटरच्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, आणि तो असाच मारायचा. स्कोप हौसेसाठी घ्या, हरकत नाही, पण मग दोन गोष्टी विचारा. पॅरलॅक्स किती अंतरावर बसवलाय, म्हणजे स्कोप किती लांबच्या टार्गेटसाठी जुळवलेला आहे? बरेच स्वस्त स्कोप १०० यार्डांवर पक्के केलेले असतात, दहा मीटरवर मोठ्या झूमला त्यातून धुकं दिसतं. पुढची काच फिरवून अंतर जुळवता येणारा हवा. दुसरं, माउंट, म्हणजे स्कोप रायफलीवर धरून ठेवणारी पकड, कुठलं? आपल्याकडच्या एअर रायफलींवर सहसा ११ मिलिमीटरची डव्हटेल खाच असते आणि खोक्यात पिकॅटिनीचं रुंद माउंट आलं तर ते बसतच नाही. स्प्रिंगची रायफल असेल तर स्कोप एअरगनसाठीच बनवलेला आहे ना, तेही बघा. स्प्रिंग आधी मागे आणि मग पुढे झटका देते, त्यात साध्या स्कोपच्या आतली भिंगं ढिली होतात.

या प्रश्नांचा आणखी एक उपयोग आहे. खऱ्या दुकानदाराला ते आवडतात, तो अर्धा तास बोलतो. माझा ‘दादा’वाला दर वेळी एकच सांगायचा: ‘टेन्शन नका घेऊ, सगळं सेट करूनच पाठवतो.’

बिलाचंही बघा. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा, पहिले दोन आकडे राज्याचे. महाराष्ट्र म्हणजे २७. माझ्या ‘पुण्याच्या’ दुकानाचा क्रमांक ०९ ने सुरू होत होता, तो उत्तर प्रदेशचा. जीएसटीच्या पोर्टलवर क्रमांक टाकला की धंद्याचं नाव आणि पत्ता दिसतो, मिनिटभराचं काम. यूपीआयवर पैसे पाठवताना दुकानाऐवजी कोणा बाईचं नाव येत होतं. ‘वहिनींचं खातं आहे’ असं उत्तर तयार होतं.

आणि तो पोलिसी फोन आलाच तर तो कट करा, बस्स. व्हिडिओ कॉलवर अटक करायची सोय आपल्या कायद्यात नाही, पोलीस व्हॉट्सॲपवर पैसे भरून घेत नाहीत. मला आलेल्या नोटिशीत ‘भा.दं.वि. कलम ४२०’ छापलं होतं. १ जुलै २०२४ पासून नव्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहिता लागू आहे, त्यात फसवणुकीचं कलम ३१८. क्राइम ब्रँचला एवढं ठाऊक असणारच. आधार कोणाला द्यावंच लागलं तर यूआयडीएआयच्या साइटवरून शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार काढा आणि पॅनच्या प्रतीवर कशासाठी दिलंय ते तारखेसकट आडवं लिहून टाका.

बायकोला रात्री सांगितलं. ती पाच मिनिटं काही बोलली नाही, मग १९३० ला फोन लावून फोन माझ्या हातात दिला. हा सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर, जितक्या लवकर लावाल तितका उपयोग, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात. दुसऱ्या दिवशी ठाण्यात गेलो तेव्हा मनात धाकधूक होती की हत्याराचं नाव काढलं की आपल्यालाच बसवून ठेवतील. ड्युटीवरच्या मॅडमनी जाहिरातीचा स्क्रीनशॉट बघितला, ‘वन सेव्हन सेव्हनच मागवली होती ना? मग तुम्ही कशाला घाबरता?’ म्हणाल्या आणि तक्रार लिहून घेतली.

शेवटचे १२,००० पुढच्या एका खात्यात अडकवले गेलेत, आधीचे निघून गेले होते. अडकलेले सोडवायला मला कोर्टात अर्ज करायला सांगितलंय. वकिलाने फी सांगितली ती ऐकून अर्ज मीच लिहायला घेतलाय. रेंजवर सध्या क्लबचीच रायफल वापरतो, उघड्या साइटची, स्कोपशिवाय.