बोटीच्या पोटातला ब्लोअर: दोन हंगाम वापरल्यावर

"अण्णा, पेट्रोलाचो वास येता हा." माझ्या खलाशानं मागचं झाकण उचलून हे सांगितलं तेव्हा देवबागच्या काठावर आठ पर्यटक लाइफ जॅकेट चढवून उभे होते. त्यांचे पैसे परत केले आणि त्या दिवशी किल्ली फिरवली नाही. त्याच आठवड्यात ब्लोअर मागवला, म्हणजे बोटीच्या पोटात साचलेली पेट्रोलची वाफ बाहेर फेकणारा विजेचा पंखा. त्याला आता दोन हंगाम झाले, म्हणून लिहितो आहे.

माझी बोट २२ फुटी, फायबरची. इंजिन बाहेर, औटबोर्ड, त्यामुळे ब्लोअरची गरज नाही असं मला बोट विकताना सांगितलं होतं. पण १२० लिटरची पेट्रोलची टाकी मागच्या फळीखाली बंद कप्प्यात आहे, आणि त्याच कप्प्यात बॅटरी, पाणी उपसायचा पंप आणि पाणी चढलं की तो चालू करणारा फ्लोट स्विच. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिपटी-चौपटीनं जड. ती उडून जात नाही, तळाच्या पाण्यावर पसरून बसते. हवेत तिचं प्रमाण १.४ टक्के झालं की एक ठिणगी पुरे. आणि पंप तर आपोआप चालू होणारा.

ब्लोअर तीन इंची, १२ व्होल्टचा, पाइपाच्या मधेच बसणारा. मुंबईहून ५,८०० रुपयांना आला. पाइप, फ्यूज, स्विच आणि शिंपल्याच्या आकाराची दोन व्हेंट (हवा आत-बाहेर जायची तोंडं) धरून साडेनऊ हजार. घेताना मी एकच गोष्ट पाहिली: ठिणगी बाहेर पडू न देणारी मोटर असल्याची, म्हणजे इग्निशन प्रोटेक्टेड असल्याची खूण तिच्यावर छापलेली आहे का. गाडीच्या रेडिएटरचा पंखा हजारात मिळतो आणि तो लावलेल्या बोटी मी पाहिल्या आहेत. कृपा करून तसं करू नका. त्याच्या ब्रशांची ठिणगी नेमकी त्या वाफेतच पडते.

पहिल्यांदा ज्यानं बसवून दिला त्यानं पाइपाचं तोंड फळीच्या लगेच खाली, वरच ठेवलं. दिसायला काम सुबक होतं. मोटर घूं घूं करायची, बाहेरच्या व्हेंटला हात लावला की वारा लागायचा, आणि तळाशी वास तसाच. वरची स्वच्छ हवा तेवढी आम्ही बाहेर फेकत होतो. चार दिवसांनी आमच्या फायबरवाल्या मेस्त्रींनी ते सगळं उतरवलं. ओढणाऱ्या पाइपाचं तोंड कप्प्याच्या खालच्या तिसऱ्या भागात आणलं, पण तळात नेहमी जेवढं पाणी असतं त्याच्या चार बोटं वर, नाहीतर ते पाणीच ओढलं जाईल. नऊ फुटांचा पाइप कापून पाच फुटांवर आणला आणि जागोजागी क्लिपा मारल्या. मधे झोळ राहिला तर त्यात पाणी साचून हवा अडते, हे मला त्यांनीच दाखवलं. ताजी हवा आत घेणारं व्हेंट कप्प्याच्या दुसऱ्या टोकाला बसवलं, तोंड पुढच्या दिशेला. बाहेर टाकणारं मागच्या दिशेला. मग खालच्या तोंडाशी टिश्यू पेपर धरला तर तो चिकटून बसला. तीच मोटर, तोच करंट.

वास मात्र त्यानंतरही पुसट येत होता. शोधलं तर टाकीच्या हवेची नळी क्लिपपाशी चिरलेली सापडली. ती बदलल्यावर वास थांबला. तेव्हा ब्लोअर आहे म्हणून गळती चालेल असं मानू नका.

मोटरबद्दल तक्रार एकच. तिच्या वायरी फार बारीक आणि आखूड आहेत, आणि पहिल्याच हंगामात जोड हिरवे पडले. कल्हईवाली तांब्याची वायर आणि वर तापवून आवळणारी नळी घातल्यावर पुन्हा त्रास झालेला नाही. आवाज मोठा आहे, पण मला तो आवडतो. चालू आहे हे सुकाणूपाशी कळतं.

अमेरिकेत ब्लोअर असलेल्या पेट्रोल बोटींवर किल्लीच्या शेजारी सूचना लावावी लागते: सुरू करण्याआधी किमान ४ मिनिटं ब्लोअर चालवा आणि वाफ आहे का पाहा. मी ती मराठीत लिहून चिकटवली आहे. पेट्रोल भरताना ब्लोअर बंद, झाकणं बंद, माणसं काठावर. भरून झालं की सगळं उघडायचं, ब्लोअर चालू करून ४ मिनिटं मोजायची आणि मग खाली वाकून नाकानं वास घ्यायचा. वास घेणारा माणूस नुकताच काठावरून आलेला हवा, कारण पेट्रोलपाशी उभं राहून नाक मरतं.

बॅटरीची गोष्ट उलटी आहे. चार्जिंगच्या वेळी तिच्यातून निघणारा हायड्रोजन हलका, तो फळीखाली वर जमतो. म्हणून मेस्त्रींनी बॅटरीच्या वर वेगळी जाळी काढली, आणि चार्जिंग आता झाकण उघडं ठेवूनच होतं.

पावसाळ्यात बोट झावळ्यांच्या छपराखाली असते तेव्हा हा ब्लोअर कामाचा नाही. तेव्हा तळाची गोल झाकणं काढून ठेवायची आणि नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, जरा उंच ठेवायची, म्हणजे पाणी मागच्या बुचातून जातं. यंदा आत बुरशी दिसली नाही.

ज्यांची बोट उघडी आहे आणि टाकी सुटी, त्यांनी यावर पैसे घालू नयेत. त्यांनी टाकी भरताना ती बोटीतून उतरवून जमिनीवर ठेवावी, एवढंच.