पुरस्कारांची पुस्तिका: नोबेल चोख, गणित अर्धवट

विज्ञान आणि गणितातील आंतरराष्ट्रीय पुरस्कारांवरची, नांदेड-लातूरच्या अभ्यासिकांलगतच्या दुकानांत सहज मिळणारी एक पुस्तिका स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या भाचीसाठी घेतली आणि तिच्या हाती देण्याआधी मीच वाचून काढली. किंमत परवडणारी आणि टाइप ठसठशीत आहे. कागद मात्र इतका पातळ, की प्रश्नसंचातील बरोबर पर्यायांच्या ठळक खुणा पानाच्या पाठीमागून स्वच्छ दिसतात.

नोबेलचे प्रकरण चोख आहे. रामन (1930), खुराना (1968), चंद्रशेखर (1983) आणि रामकृष्णन (2009) यांच्या नावांपुढे वर्षाबरोबरच विषय आणि त्या वेळचे नागरिकत्वही दिले आहे, आणि विद्यार्थी घसरतात ते नेमके तिथेच.

गणिताकडे वळल्यावर मात्र संपादकांचा हात आखडतो. फील्ड्स पदक आणि आबेल पुरस्कार एकाच तक्त्यात कोंबून दोन्हींवर ‘गणिताचे नोबेल’ असा शिक्का मारला आहे. वास्तविक फील्ड्स पदक 1936 मध्ये प्रथम दिले गेले. ते आता दर चार वर्षांनी भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय गणितज्ञ परिषदेच्या वेळी, चाळिशीच्या आतल्यांनाच मिळते आणि त्याची रक्कम अवघी 15,000 कॅनेडियन डॉलर आहे. आबेल पुरस्कार नॉर्वेतर्फे 2003 पासून दरवर्षी दिला जातो, त्याला वयाची अट नाही आणि रक्कम 75 लाख क्रोनर आहे. हा फरक एकदा कळला, की मंजुल भार्गव (2014) आणि अक्षय वेंकटेश (2018) फील्ड्सच्या यादीत आणि साठी उलटल्यावर गौरवले गेलेले श्रीनिवास वरदन (2007) आबेलच्या यादीत का, हे घोकावे लागत नाही. 2006 च्या रकान्यात ग्रिगोरी पेरेलमान इतर तिघांच्या रांगेत मुकाट बसवले आहेत; त्यांनी पदक नाकारले, याची तळटीपसुद्धा नाही.

सर्वांत खटकले ते 2010 चे पान. त्या वर्षीची परिषद हैदराबादेत, म्हणजे निझामाच्या काळात मराठवाड्याचा कारभार जिथून चालत असे त्या शहरात भरली होती. गणित सामान्य लोकांपर्यंत नेणाऱ्यांसाठीचा लीलावती पुरस्कार तिथेच सुरू झाला, त्याला नाव मिळाले भास्कराचार्यांच्या ग्रंथाचे आणि पहिला मान सायमन सिंग यांचा. आमच्या विद्यार्थ्यांना आपलासा वाटावा असा हा एकमेव परिच्छेद ठरला असता. पुस्तिकेत त्या जागी ‘स्थळ: भारत’ एवढेच छापले आहे.

मुखपृष्ठावर ‘अद्ययावत’ असे ठळक लिहिले असले, तरी फील्ड्सची यादी 2018 लाच थांबते. त्यामुळे मरियम मिर्झाखानी (2014) यांच्यानंतर हे पदक मिळवणाऱ्या दुसऱ्या महिला, युक्रेनच्या मारिना व्याझोव्स्का (2022), पुस्तिकेत नाहीतच. दुकानदार नवी आवृत्ती दिवाळीनंतर येईल म्हणतात. परीक्षा तोंडावर असेल तर नोबेलच्या प्रकरणापुरती ही प्रत घ्यावी. बाकीच्यांनी थांबावे आणि नवी प्रत हाती आली, की पैसे देण्याआधी 2022 चा रकाना उघडून पाहावा.