ड्रेनेज लाइन बदलली म्हणून 4,20,000 रुपये दिले, जमिनीखाली लाइन जुनीच निघाली

आमची सोसायटी पुण्यात कोथरूडला. 1984 सालचं बांधकाम, तळमजला आणि वर तीन मजले, एकूण 12 घरं. मी सचिव आहे. ज्या कामाबद्दल लिहितेय त्याच्या चेकवर माझी सही आहे.

गेल्या वर्षी मे महिन्यात तळमजल्यावरच्या काकांच्या बाथरूममध्ये नहाणी ट्रॅपमधून फेस वर यायला लागला. वर कुणी कपड्याचं मशीन लावलं की खाली फेस. जूनमध्ये फेसाच्या जागी मैला आला. काका 82 वर्षांचे, काकू अंथरुणाला खिळलेल्या. पहाटे पाचला त्यांचा फोन यायचा, "अगं, परत आलंय बघ. सगळ्यांना सांग, पाणी सोडू नका." तो आवाज आठवला की आजही मला वाईट वाटतं. त्या दिवसांत कुणीही येऊन "मी हे थांबवतो" म्हणाला असता तर मी त्याचं ऐकलं असतं, आणि तसंच झालं.

नेहमीच्या प्लंबरने बांबूच्या कामट्या घातल्या, मग जेटिंगची, म्हणजे दाबाच्या पाण्याने लाइन मोकळी करणारी गाडी बोलावली. कामटीला गुंडाळून मुळं बाहेर आली, केसांच्या गुंतवळासारखी. तो म्हणाला, "मॅडम, ही लाइन चिनीमातीच्या पाइपांची आहे. दोन-दोन फुटांचे तुकडे, प्रत्येक जोडाला सुतळी आणि सिमेंट. सिमेंट तडकलं की मुळं ओलीच्या वासाने आत शिरतात. कापली तरी पुन्हा येणार. लाइन बदला." मागच्या चेंबरपासून फाटकाजवळच्या चेंबरपर्यंत लाइन 24 मीटर, आणि बरोबर मधोमध औदुंबर. त्याच्याखाली पादुका आहेत, दर गुरुवारी दिवा लागतो. खोदाई म्हटल्यावर मीटिंगमध्ये सगळे गप्प बसले.

तेव्हा एका ओळखीच्यांनी एका ठेकेदाराचा नंबर दिला. माणूस नीटनेटका, बोलणं मऊ. त्याने गाडीतून केबलची रिळ काढली, कॅमेरा मागच्या चेंबरमध्ये सोडला, स्क्रीन मात्र गाडीतच ठेवली. "वास फार आहे, तुम्ही लांब थांबा, मी व्हिडिओ पाठवतो." संध्याकाळी माझ्या फोनवर व्हिडिओ आला. फुटलेला पाइप, मुळांचं जाळं, एका जोडाला अडकलेली हिरवी चिंधी. मी तो सगळ्यांना दाखवला. इतकं भयंकर आपल्या पायाखाली आहे हे पाहून कुणालाच दुसरं काही सुचेना.

मग त्याने उपाय सांगितला. दोन टोकांना दोन खड्डे, बाकी खोदाई नाही. जुन्या पाइपमधून एक लोखंडी डोकं केबलने ओढायचं, ते जुना पाइप आतल्या आत फोडत जातं आणि त्याच्या मागोमाग नवा काळा एचडीपीई (जाड प्लास्टिकचा) पाइप ओढला जातो. औदुंबराला धक्का नाही. ही पद्धत खोटी नाही. पाइप बर्स्टिंग म्हणतात तिला आणि ती खरोखर वापरली जाते. खऱ्या पद्धतीचं नाव घेऊन त्याने आमच्या श्रद्धेचा बरोबर फायदा उचलला. "झाड वाचेल" हे ऐकल्यावर आम्ही दुसरं कोटेशनसुद्धा मागवलं नाही.

4,20,000 रुपये. घरटी 35,000. "आठवड्यात ठरवलंत तर हा दर, पुढे पाऊस लागला की मशीन दुसरीकडे जाईल." 60 टक्के आधी. तिसऱ्या मजल्यावरच्या ताई एकट्या, डबे करून देतात. त्यांनी सात हप्त्यांत द्यायचं कबूल केलं. बिल मागितलं तेव्हा तो म्हणाला, "जीएसटी लावला तर तुम्हालाच 18 टक्के जास्त पडेल, साध्या पावतीवर करू." आम्ही हो म्हणालो. पुढे त्या साध्या पावतीवर "ड्रेनेज काम" एवढे दोनच शब्द होते. कुठला पाइप, किती मीटर, कुठल्या पद्धतीने, काहीच नाही.

काम दोन दिवसांत झालं. दोन्ही खड्ड्यांवर निळी ताडपत्री. जनरेटर मोठ्याने चालू. "केबल ताणलेली आहे, तुटली तर पाय जाईल, कुणी जवळ येऊ नका." शेवटी ताडपत्री बाजूला करून दोन्ही चेंबरमध्ये काळ्या पाइपचं तोंड दाखवलं. एका टोकाला बादली ओतली, दुसऱ्या टोकाला पाणी आलं. मी फोटो काढले, उरलेले पैसे दिले, काकूंना जाऊन सांगितलं की आता काळजी नाही.

मध्ये एक गोष्ट घडली, ती सांगायलाच हवी. पहिल्या दिवशी सकाळी एक मुलगा, विशीतलाही नसेल, उघड्या अंगाने फाटकाजवळच्या चेंबरमध्ये उतरून बादलीने मैला उपसत होता. मी ओरडून त्याला वर बोलावलं, पण तोवर तो दहा मिनिटं आत होता. बंद चेंबरमधला वायू दोन श्वासांत माणूस आडवा करतो. संरक्षक साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवायला 2013 च्या कायद्याने बंदी आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये 10 लाखांवरून 30 लाखांवर नेली. कायदा मला नंतर कळला. पण जो ठेकेदार कामावरच्या पोराला असा उतरवतो त्याला त्याच क्षणी हाकलायला कायदा कशाला माहीत हवा होता? मी ते काम तिथे थांबवलं नाही, याचं दुःख पैशांपेक्षा मोठं आहे.

पाच महिने सगळं सुरळीत होतं. दिवाळीनंतरच्या आठवड्यात पहाटे फोन वाजला. "अगं, परत आलंय."

ठेकेदार आधी "येतो" म्हणाला, मग "गावाला आहे", मग फोन लागेना. दुसऱ्या मजल्यावरच्यांचा भाचा सिव्हिल इंजिनियर आहे, तो एका रविवारी आला. त्याने पहिला प्रश्न विचारला, "मामी, काकांच्या बाथरूमचा पाइप लाइनला कुठे मिळतो?" मधे, औदुंबराच्या अलीकडे. "मग तिथे खड्डा कुठाय?" मला प्रश्नच कळला नाही. त्याने समजावलं. जुना पाइप फोडून नवा ओढला तर मधे जोडलेले सगळे पाइप तुटतात. ते प्रत्येक ठिकाणी वरून खोदून नव्याने जोडावे लागतात. आमच्याकडे तिथली फरशी 1984 पासून हललेली नाही. शिवाय एचडीपीईचे तुकडे गरम प्लेटवर वितळवून एकसंध जोडतात, ती लांबलचक नळी अंगणात पसरलेली दिसली असती. आम्हा बाराही घरांपैकी कुणी ती पाहिली नव्हती.

लाइन जेटिंगने मोकळी केल्यावर त्याने घरातला आरसा आणि टॉर्च मागितला. सरळ लाइनच्या एका चेंबरमध्ये टॉर्च धरली तर दुसऱ्या चेंबरमधल्या आरशात उजेडाचा पूर्ण गोल दिसला पाहिजे. आम्हाला नखाएवढी फाटकी चकती दिसली. मग आम्ही दुसऱ्याच माणसाकडून कॅमेरा घातला, यावेळी स्क्रीन माझ्या हातात. काळा पाइप 1.2 मीटर. त्यापुढे सिमेंटने थापलेला जोड, आणि मग तीच चाळीस वर्षांची तपकिरी चिनीमाती, तीच मुळं. दुसऱ्या टोकाकडूनही तेच. आम्हाला त्याने दोन नळकांडी लावून दिली होती. पाच महिने पाणी वाहिलं ते कॅमेऱ्याआधी झालेल्या जेटिंगमुळे.

स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडा पळत होता, केबल किती मीटर आत गेली त्याचा. भाचा म्हणाला, "त्याने पाठवलेला व्हिडिओ आहे का अजून?" होता. मुळं, फुटका पाइप, हिरवी चिंधी. आणि कोपऱ्यात 38.4. आमची लाइन 24 मीटर. तो व्हिडिओ आमच्या सोसायटीचा नव्हताच.

मी ताईंच्या घरी गेले तेव्हा त्या पोळ्या लाटत होत्या. त्यांचा सहावा हप्ता दोन दिवसांपूर्वीच जमा झाला होता. काही बोलल्या नाहीत, गॅस बारीक केला आणि मला पाणी दिलं.

नवं काम जानेवारीत केलं. तीन कोटेशन, परवानाधारक प्लंबर, पक्कं बिल. औदुंबराला वळसा घालून कुंपणाच्या कडेने 30 मीटर लाइन उघड्या चराने टाकली, वळणावर नवं चेंबर. जमिनीखालच्या ड्रेनेजसाठीचा विटकरी रंगाचा 160 मिमी पाइप, त्यावर आयएस 15328 (अशा पाइपांचं भारतीय मानक) आणि एसएन 8 (पाइपच्या ताठपणाचा वर्ग) छापलेलं. प्रत्येक पाइपवरचा छापा मी स्वतः वाचला. एवढ्या, म्हणजे साधारण सहा इंची पाइपला 60 ला 1 असा उतार लागतो, म्हणजे 30 मीटरला अर्धा मीटर. तो आमच्यासमोर मोजला. चर बुजवण्याआधी खालचं तोंड बंद करून लाइन पाण्याने भरली, वरच्या चेंबरमध्ये खडूची रेघ मारली आणि पाणी रेघेवर टिकतंय का ते काकांनी खुर्ची टाकून पाहिलं. खर्च 2,64,000, घरटी 22,000. ताईंच्या वाट्याचे 22,000 आम्ही बाकीच्यांनी मिळून भरले. त्यांना ते आवडलेलं नाही, पण त्यांचं ऐकलं नाही.

पैसे परत मिळालेले नाहीत. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, मात्र दोन वर्षांच्या आत जावं लागतं. पोलिसांत गेलो तर म्हणाले, हा कामाच्या दर्जाचा वाद आहे, दिवाणीत जा. मुळातच फसवायचा हेतू होता हे दाखवायला काही आहे का, असं त्यांनी विचारलं.

म्हणून हे लिहायला बसले. तो व्हिडिओ कुणाचा तरी आहे, आणि आमच्याआधी किंवा नंतर तो आणखी कुणाला तरी दाखवला असणार. पाइपच्या उजव्या अंगाला, जोडात अडकलेली, साडीच्या काठासारखी हिरवी चिंधी. कोपऱ्यात 38.4. तुमच्या सोसायटीला हे दृश्य "तुमचीच लाइन" म्हणून कुणी दाखवलं असेल तर तो व्हिडिओ पुसू नका, आणि त्याची तारीख लिहून ठेवा.