रामरक्षा की हरिपाठ?

आमच्या घरी तिन्हीसांजेला दिवा लागला की रामरक्षा. आजोळी मात्र टाळ निघायचे आणि हरिपाठ सुरू व्हायचा. दोन्ही म्हणून पाहिल्यावर फरक कळतो.

बुधकौशिक ऋषींच्या नावावर असलेली रामरक्षा हे कवच आहे. ‘शिरो मे राघवः पातु’ इथून सुरुवात करून कपाळ, डोळे, कान असं करत ती पायांपर्यंत उतरते. म्हणणाऱ्याचं लक्षही एकेका अवयवावरून खाली सरकतं, श्वास आपोआप लांबतो. भीती वाटत असताना याचा उपयोग होतो, हा स्वानुभव. शेवटाकडच्या ‘रामो राजमणिः’मध्ये राम शब्दाच्या आठही विभक्ती येतात, शाळेत संस्कृतचे मार्क त्यानेच वाचवले! अडचण एकच, अर्थ कळायला वेळ लागतो आणि तोवर नुसती घोकंपट्टी होते.

ज्ञानदेवांच्या हरिपाठात ती अडचण नाही. भाषा आपली, अभंग 27, आणि पहिल्याच ओळीत देवाच्या दारी ‘क्षणभरी’ उभं राहायला सांगितलंय. सोवळं, आसन, शुद्ध उच्चार यांचा धाक नाही. मागणंही नाही, नुसतं नाम. शिवाय ‘हरि मुखें म्हणा’ हे पालुपद चारचौघांत म्हणताना आपला बेसूर आवाज कुठे विरघळतो कळत नाही. एकट्याने म्हटला तर तो मला जरा ओका वाटतो.

रात्री झोप लागेना तर मी रामरक्षाच धरतो. पण मनातली खुन्नस, मीपणा उतरवायचा असेल तर टाळकऱ्यांत जाऊन उभं राहावं.