ठाण्यातला लोककला महोत्सव: नक्की जा, पण स्टेजसमोर अडकू नका

शनिवार-रविवार आम्ही पाच मैत्रिणी ठाण्यात लोकसंगीत आणि लोकनृत्याच्या महोत्सवाला गेलेलो, दोन दिवसांचा पास ३०० रुपये. कोणी विचारलं तर मी जा असंच सांगेन, पण कुठे बसायचं आणि किती वाजता पोचायचं ते आधी सांगते, कारण सगळी मजा त्यावरच आहे. गाडी नेऊ नका. आम्ही दोघी कारने गेलो आणि पार्किंग शोधता शोधता धनगरी गजा नाच अर्धा हुकला, स्टेशनवरून रिक्षाने आलेल्या तिघींनी मात्र पूर्ण बघितला.

मोठ्या स्टेजवर लावणी, कोळी नाच, शक्ती-तुरा सगळं होतं आणि कलाकार एकापेक्षा एक. पण साउंडवाल्याने बेस इतका चढवलेला की ढोलकी छातीत धडधडत होती आणि तुणतुणं दिसत होतं, ऐकूच येत नव्हतं. अहो तुणतुण्याला एकच तार, ती ऐकू नाही आली तर काय उपयोग?

आता तारपा, म्हणजे वारल्यांचं फुंकून वाजवायचं वाद्य. स्टेजच्या मागे मातीच्या मोकळ्या जागेत वारली मंडळी होती, माइक नाही, लाइट नाही, म्हणून तिकडे गर्दी कमी. जव्हारकडचे एक बाबा तारपा वाजवत होते. सुकवलेला दुधी भोपळा, त्यात बांबूच्या दोन नळ्या, पुढे ताडाच्या पानाचा कर्णा आणि सांधे सगळे मेणाने बंद केलेले. बाबांचे गाल फुगलेलेच, श्वास कधी घेतात ते जवळ बसूनही कळेना, सूर तुटतच नाही. नाचणारे एकमेकांच्या कमरेत हात घालून त्यांच्याभोवती फिरतात, तारप्याकडे पाठ करत नाहीत, आणि चाल बदलली की पाय आपोआप बदलतात. त्या चालीला चाळा म्हणतात. आम्हालाही साखळीत घेतलं. माझा पाय सारखा उलटा पडत होता तर शेजारच्या ताई म्हणाल्या, "पायाकडं नको बघू, तारपा ऐक." खरंच जमलं हो! पालघर जिल्हा २०१४ मध्ये वेगळा झाला, त्याआधी हे सगळं आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं, आणि मी जन्मापासून ठाण्यात राहून तारपा फक्त वारली चित्रातच बघितलेला. याचं मला खूप वाईट वाटलं.

आता तक्रार, आणि ही मनापासून आहे. शनिवारी शेवटी देवीचा गोंधळ होता, म्हणजे गोंधळी गाऊन-वाजवून देवीला बोलावतात तो. त्याच्या आधी सत्कार सुरू झाले, शाल, नारळ, भाषण, परत शाल, आणि त्यात पाऊण तास गेला. दहाला लाऊडस्पीकर बंद करायचा नियम आहे तो पाळायलाच हवा, पण मग कात्री गोंधळाला का? जो गोंधळ घरी रात्रभर चालतो त्याला जेमतेम पंधरा मिनिटं मिळाली. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, असं एकेका देवीला बोलावणं चाललेलं आणि तेवढ्यात माइक बंद. संबळ हे जोड-ताल वाद्य कमरेला बांधून वाजवणाऱ्या काकांनी काहीही न बोलता कमरेची गाठ सोडली, ते बघून आम्हाला कसंतरीच झालं.

त्यांनाच जाऊन विचारलं तर म्हणाले उद्या चारला झाडाखाली बसणार आहोत, या. गेलो. जेमतेम तीस-चाळीस माणसं, सतरंजी, माइक नाही. संबळाची दोन भांडी, एका हातातली काठी सरळ आणि दुसरी टोकाला वाकडी, ती वाकडी काठी कातड्यावर घासून काका जो घुमारा काढत होते तो शनिवारी स्पीकरमधून अजिबात कळला नव्हता. आणि तुणतुणं! पहिल्यांदा स्वच्छ ऐकू आलं. दिवटी पेटवली, "उदो उदो" म्हणताना आमच्यातली सगळ्यात गप्प राहणारी मैत्रीण सगळ्यात मोठ्याने ओरडत होती. दीड तास कसा गेला कळलं नाही.

खाण्याचं म्हणाल तर कूपनची रांग वैताग आहे, पण तांदळाची भाकरी आणि बोंबीलवाला स्टॉल सोडू नका, भाकरी समोर थापून देतात.

आयोजकांना एकच विनंती, सत्कार दुपारी उरका आणि गोंधळाला सात वाजता स्टेज द्या. आणि जाणाऱ्यांनी रविवारचा पास घेतला तरी चालेल, चारच्या आत पोचा, बसायला चादर न्या, तारप्याच्या रिंगणात बोलावलं तर चपला काढून सरळ आत शिरा.