आयआयएसटी, आयआयटी मुंबईची एरोस्पेस की सीओईपीची मेकॅनिकल? अंतराळ क्षेत्रात जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी तुलना

"मला रॉकेटवर काम करायचंय" असं ठामपणे म्हणणाऱ्या बारावीच्या मुलामुलींच्या घरात निकालानंतर प्रश्न येऊन थांबतो तो असा: तिरुअनंतपुरमची आयआयएसटी (भारतीय अंतराळ विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्था) घ्यायची, पवईच्या आयआयटीत एरोस्पेस शाखा घ्यायची, की सीईटीवर पुण्याच्या सीओईपीत मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्स घेऊन पुढचं नंतर ठरवायचं? माझं मत आधीच सांगून टाकते. पदवीवर 'एरोस्पेस' छापलेलं असण्यापेक्षा त्या चार वर्षांत स्वतःच्या हातांनी काय बनवायला, तपासायला आणि बिघडलं तर दुरुस्त करायला मिळेल, हे जास्त महत्त्वाचं आहे. खालची तुलना याच मापाने केली आहे.

आधी प्रवेशाची गोष्ट, कारण इथे दर वर्षी मुलं फसतात. आयआयटीचा प्रवेश जोसाच्या, म्हणजे आयआयटी-एनआयटींच्या सामायिक प्रवेशप्रक्रियेच्या, फेऱ्यांतून होतो. आयआयएसटीलाही जेईई ॲडव्हान्स्डचेच गुण लागतात, पण ती जोसात नाही. तिचा अर्ज वेगळा, गुणवत्ता यादी वेगळी, फेऱ्याही वेगळ्या. चांगले गुण असूनही केवळ तो अर्ज न भरल्यामुळे संधी घालवू नका. सीओईपीसाठी सीईटी आणि राज्याची कॅप फेरी असते, हे महाराष्ट्रातल्या घरांना नव्याने सांगायला नको.

आयआयएसटी: इस्रोच्या अंगणात

ही संस्था 2007 साली अंतराळ विभागाने सुरू केली. डॉ. कलाम तिचे पहिले कुलपती. वलियमलाच्या तिच्या परिसराला लागूनच एलपीएससी आहे, म्हणजे इस्रोची द्रवइंधन इंजिनं जिथे घडतात ते केंद्र. पदवीला तीनच वाटा आहेत: एरोस्पेस, एव्हिओनिक्सवर (विमान-रॉकेटमधल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणांवर) भर देणारी इलेक्ट्रॉनिक्स आणि इंजिनिअरिंग फिजिक्सचा पाच वर्षांचा दुहेरी पदवी अभ्यासक्रम. पर्याय थोडे आहेत, पण जे आहे ते सगळं अंतराळाभोवतीच फिरतं.

"आयआयएसटी म्हणजे इस्रोची नोकरी पक्की" ही समजूत मात्र आता जुनी झाली. इस्रोत घेतलं जाणं ठरावीक सीजीपीए आणि त्या वर्षीच्या रिक्त जागा या दोन्हींवर अवलंबून असतं. ज्या वर्षी जागा कमी, त्या वर्षी चांगल्या गुणांच्या मुलांनाही दुसरीकडे पाहावं लागतं. नोकरीची हमी समजून ही संस्था निवडू नका.

ती निवडावी संशोधनासाठी. 2019 च्या एप्रिलमध्ये पीएसएलव्ही-सी45 या इस्रोच्या रॉकेटच्या चौथ्या टप्प्यावर आयआयएसटीचं 'एरिस' हे आयनांबराचा (वातावरणातल्या विद्युतभारित थराचा) अभ्यास करणारं उपकरण गेलं. 14 फेब्रुवारी 2022 ला पीएसएलव्ही-सी52 ने 'इन्स्पायरसॅट-1' सोडला. तो सुमारे आठ किलोचा उपग्रह कोलोरॅडो विद्यापीठातल्या प्रयोगशाळेसोबत बनवला होता आणि त्यात सिंगापूर व तैवानची विद्यापीठंही होती. वीस-एकवीस वर्षांच्या मुलाला देशोदेशीच्या गटांसोबत काम करण्याची अशी संधी भारतात फार थोड्या ठिकाणी मिळते. शिवाय अंतिम वर्षाचे प्रकल्प आणि इंटर्नशिप इस्रोच्या केंद्रांत करता येतात. इस्रोचे माजी अध्यक्ष सतीश धवन यांच्या नावाची एक फेलोशिप इथल्या अव्वल विद्यार्थ्याला अमेरिकेतल्या कॅलटेकमध्ये एमएस करायला पाठवते. स्वतः धवनांची पीएचडीही तिथलीच.

अडचण एकच, पण मोठी आहे. दुसऱ्या वर्षी लक्षात आलं की आपला ओढा दुसरीकडेच आहे, तर इथे वळायला जागा फार कमी आहे. छोट्या, एकाच विषयाच्या संस्थेत मित्र, प्राध्यापक, कंपन्या सगळे त्याच क्षेत्रातले असतात. ज्याचं ठरलेलं आहे त्याला हे वरदान आहे. ज्याला अजून नक्की कळलेलं नाही, त्याला गुदमरायला होईल.

पवई: मोठं आवार, मोठे मोह

आयआयटी मुंबईच्या एरोस्पेस शाखेत वायुगतिकी, स्ट्रक्चर्स, प्रोपल्शन, फ्लाइट मेकॅनिक्स, कंट्रोल हा पाया पक्का करून घेतात. त्याच आवारात कॉम्प्युटर, इलेक्ट्रिकल, मटेरियल्सचे विभाग आहेत, आणि दुसऱ्या विषयात मायनर करता येतं. आजचा उपग्रह जितका धातूचा, तितकाच सॉफ्टवेअरचा असतो. त्यामुळे हा फायदा लहान नाही.

इथला 'प्रथम' हा विद्यार्थ्यांचा उपग्रह 26 सप्टेंबर 2016 ला पीएसएलव्ही-सी35 ने गेला. वजन सुमारे दहा किलो, काम आयनांबरातल्या इलेक्ट्रॉनांचं प्रमाण मोजण्याचं. कल्पना निघाली होती 2007 मध्ये. म्हणजे सुरुवात करणारी मुलं पदवी घेऊन गेली, त्यांच्या मागच्या तुकड्याही गेल्या, तरी काम चालू राहिलं. मला या प्रकल्पातलं सगळ्यांत मोलाचं शिक्षण हेच वाटतं: आधीच्यांनी लिहून ठेवलेल्या नोंदी वाचायच्या, त्यांचे निर्णय समजून घ्यायचे, चूक सापडली तर सिद्ध करून बदलायची आणि पुढच्यांसाठी पुन्हा लिहून ठेवायचं. इस्रोत किंवा कोणत्याही अंतराळ कंपनीत रोज हेच करावं लागतं. कॉलेज पाहायला गेलात तर तिथल्या सॅटेलाइट टीमला "उपग्रह कधी उडणार?" हे विचारू नका. "मागच्या तुकडीच्या नोंदी दाखवाल का?" असं विचारा. उत्तरावरून टीम जिवंत आहे की नुसती नावापुरती, ते लगेच कळतं.

नव्या कंपन्यांच्या दृष्टीनेही पवईचं आवार सुपीक आहे. ड्रोन बनवणारी आयडियाफोर्ज इथल्याच माजी विद्यार्थ्यांची. उपग्रहांसाठी कमी विषारी इंधनाची इंजिनं बनवणारी मनस्तू स्पेसही याच परिसरात वाढली. तिचं 'व्योम-2यू' हे इंजिन डिसेंबर 2024 मध्ये पीएसएलव्ही-सी60 सोबत पोएम-4 वर, म्हणजे कक्षेत राहणाऱ्या रॉकेटच्या चौथ्या टप्प्यावरच्या प्रयोगमंचावर, गेलं.

मोहाबद्दल मात्र घरच्यांनी मोकळेपणाने बोलावं. इथून एरोस्पेस करून फायनान्स, कन्सल्टिंग किंवा सॉफ्टवेअरमध्ये जाणारे पुष्कळ आहेत. तिथले पगार आकर्षक असतात आणि आजूबाजूचे सगळे तिकडेच निघालेले असतात. त्यात काही चूक नाही. पण अंतराळातच राहायचं असेल तर पहिल्या वर्षीच एखाद्या टीममध्ये किंवा प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत शिरा. चौथ्या वर्षी त्यासाठी उशीर झालेला असतो.

सीओईपी, आणि सीईटीची वाट

आयआयटीचा क्रमांक हुकला म्हणून ज्यांना वाटतं आता अंतराळ संपलं, त्यांनी हा भाग दोनदा वाचावा. 22 जून 2016 ला पीएसएलव्ही-सी34 ने एका उड्डाणात 20 उपग्रह सोडले. त्यांतला जेमतेम किलोभर वजनाचा 'स्वयम' सीओईपीच्या मुलांनी बनवला होता. उपग्रहाची दिशा धरून ठेवायला सहसा फिरती चक्रं आणि वीज लागते. 'स्वयम'मध्ये कायमचुंबक बसवला होता. तो पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळून होकायंत्रासारखा वळत राहतो, आणि सोबतच्या खास मिश्रधातूच्या सळ्या हेलकावे जिरवतात. या कामासाठी वीज लागतच नाही. हा विचार ज्यांनी प्रत्यक्षात उतरवला, त्यांच्या पदवीवर एरोस्पेस नव्हतं. ती मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटरची मुलं होती.

इस्रोच्या नेहमीच्या जाहिरातीही हेच सांगतात. 'एससी' श्रेणीच्या (ही पदाची श्रेणी आहे, आरक्षणाची नव्हे) शास्त्रज्ञ-अभियंता पदांच्या जागा प्रामुख्याने इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल आणि कॉम्प्युटर सायन्सच्या असतात. पदवीला 65 टक्के किंवा 10 पैकी 6.84 सीजीपीए लागतो, आणि निवडीसाठी कधी लेखी परीक्षा असते तर कधी गेटचे, म्हणजे एमटेक प्रवेशाच्या राष्ट्रीय परीक्षेचे, गुण पाहतात. चांद्रयान-3 उतरलं तेव्हा इस्रोचे अध्यक्ष असलेले एस. सोमनाथ कोल्लमच्या एका कॉलेजातून मेकॅनिकल इंजिनिअर झाले आणि मग बंगळूरच्या आयआयएससीत (भारतीय विज्ञान संस्थेत) एरोस्पेस शिकले. त्यांच्यानंतर आलेल्या व्ही. नारायणन यांची सुरुवात तर मेकॅनिकलच्या डिप्लोमापासून झाली.

म्हणून खाजगी कॉलेजातली महागडी 'एरोस्पेस' घेण्याआधी दहा वेळा विचार करा, असं मी कळकळीने सांगते. काही ठिकाणी खरं काम चालतं. पोएम-4 वर पुण्याच्या एमआयटी-डब्ल्यूपीयूचं आणि मुंबईच्या ॲमिटी विद्यापीठाचं उपकरण गेलं होतं. पण जिथे विंड टनेल कुलूपबंद आहे आणि शिकवणाऱ्यांनी स्वतः या क्षेत्रात काही केलेलं नाही, तिथे कर्ज काढून जाण्यापेक्षा चांगल्या सरकारी कॉलेजातली मेकॅनिकल कितीतरी पटींनी बरी. विमान देखभालीचा एएमई हा मार्गही वेगळाच आहे. तो डीजीसीए या नागरी विमान वाहतूक नियामकाच्या परवान्याचा, विमान कंपन्यांतल्या कामाचा. चांगला पेशा आहे, पण संशोधनाची वाट म्हणून तो घेऊ नये.

महाराष्ट्रातच राहायचं असेल तरी काम आहे. ओझरला एचएएलमध्ये लढाऊ विमानं बनतात, विक्रोळीत गोदरेज रॉकेट इंजिनांचे भाग बनवते, वालचंदनगरला रॉकेटच्या मोटारींची आवरणं घडतात, आणि घन इंधनावरचं संशोधन पुण्यात डीआरडीओच्या एचईएमआरएलमध्ये चालतं. या सगळ्यांना मेकॅनिकल, केमिकल, मेटलर्जीची माणसं हवी असतात. आणि ज्याला रॉकेटपेक्षा सूर्य-तारेच जास्त खुणावतात, त्याने इंजिनिअरिंगऐवजी भौतिकशास्त्राकडे पाहावं. आदित्य-एल1 या सूर्याचा अभ्यास करणाऱ्या यानावरची 'सूट' दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत आकाराला आली.

परदेशाबद्दल थोडक्यात. अमेरिकेत एरोस्पेसची एमएस करता येते, पण रॉकेट आणि संरक्षणाच्या बहुतेक कंपन्या निर्यात नियंत्रण कायद्यांमुळे नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकांनाच घेतात. युरोपियन अंतराळ संस्थाही प्रामुख्याने सदस्य देशांच्या नागरिकांनाच नोकरी देते. पीएचडी करून विद्यापीठात राहायची तयारी असेल तर चित्र बरंच बरं आहे. फक्त पदवीनंतर थेट नोकरी मिळेल या आशेवर मोठं कर्ज उचलू नका.

बंगळूरच्या आयआयएससीत एरोस्पेसचं एमटेक आणि पीएचडी वरच्या तिन्ही ठिकाणांहून जाणाऱ्यांना सारखंच खुलं आहे. तिथला हा विभाग 1942 पासून चालू आहे. एमटेकचा प्रवेश गेटच्या गुणांवर होतो, आणि गेट पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून देता येते. सीओईपीत गेलात तर दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळी सुट्टीतच थर्मोडायनॅमिक्स आणि फ्लुइड मेकॅनिक्सची पुस्तकं पुन्हा उघडा.